अकरा घरांची शेंग

तिसरी बी माझ्याकडे होती. हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि त्या बावीस वर्षांत मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर पानभर पाल्हाळ लावून उत्तर शेवटच्या ओळीत लिहिणाऱ्या पोरांचा.

मी मेहजबीन तांबोळी. राहायला कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती तिच्या मर्जीने चालते. नवरा अकबर, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता घरी बसून मला दुरुस्त करतो. मी शाळा सोडली आणि बारा वर्षांपूर्वी सहली काढायला लागले. एकाच गावाला, हिरडेवाडीला. आंबेगाव तालुक्यात डोंगराच्या पार टोकाला महादेव कोळ्यांची एकोणतीस घरं आहेत. एसटी फाट्यापर्यंत जाते, पुढे तासभर चालायचं.

लोकांना वाटतं सहलीचे नियम मी केलेत. मी कशाला करू? नियम गावाचे. पहिल्या बैठकीत मी आपली ऐटीत विचारलं होतं, वीसवीस जण आणले तर चालतील का? गावातल्या दुर्गाबाई कोपऱ्यात बसून हिरडे फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आमची विहीर उन्हाळ्यात आठ माणसं जास्तीची सोसती. नववा आला तर त्यानं आपलं पाणी घेऊन यावं." विषय संपला. महिन्यातून एकदा, आठच जण, पावसाळ्यात कुणीच नाही. मुक्काम गाव सांगेल त्या घरी, जेवण त्या घरात शिजेल ते. माझ्या उद्योगाचं नावच 'आठ' पडलं. नववा माणूस फोन करून म्हणतो, "मॅडम, अ‍ॅडजस्ट करा ना." मी म्हणते, विहिरीला विचारून सांगते.

आणि सगळ्यात मोठा नियम राईचा. गावाच्या वर देवराई आहे, तिला सगळे नुसतं राई म्हणतात. राईत चपला काढून जायचं, आणि राईतून काही म्हणजे काही बाहेर आणायचं नाही. फूल नाही, वाळकी काटकी नाही, पडलेलं पानसुद्धा नाही. राईत शिरण्याआधी मी आठ जणांना झाडाखाली उभं करून यावर दहा मिनिटं बोलते. चांगलं बोलते. मागच्या वर्षी एक जण तर डोळे पुसत होता. नंतर कळलं, त्याला धुळीची अ‍ॅलर्जी होती.

मे महिन्याच्या सहलीत राईत गारंबीची शेंग पडलेली दिसली. गारंबी म्हणजे मांडीएवढ्या जाडीची वेल, आणि शेंग अशी की उभी धरली तर माझ्या खांद्याला लागेल. शेंगेला कप्पे असतात, एकेका कप्प्यात एकेक बी. दुर्गाबाई कप्प्याला घर म्हणतात. माझ्यातली शाळेतली बाई लगेच जागी झाली. सगळ्यांना गोल उभं केलं आणि मोजून दाखवलं, एक, दोन, तीन… अकरा घरं. दुर्गाबाई शेजारीच उभ्या होत्या. दोनतीन घरं फुटली होती आणि बिया बाहेर दिसत होत्या, चपट्या, गोल, तांबूस काळ्या, तळहाताच्या खळग्यात बरोबर मावतील अशा. कुणी तरी पॉलिश करून ठेवल्यासारख्या.

मग सगळे पुढे गेले. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी मागे राहिले. वाकले, एक बी उचलली, अंगठ्याने पुसली. परत ठेवणारच होते. ठेवली नाही. त्यामागे फार मोठं काही नव्हतं, मला ती हवीशी वाटली, बस. हात आपसूक पिशवीत गेला आणि मी पुढच्या माणसावर ओरडले की रेंगाळू नका.

घरी आल्यावर ती बी फोनच्या टेबलाच्या खणात गेली. फोनवर बोलताना हातात घ्यायची आणि अंगठा फिरवत बसायचं, अशी सवयच लागली. एकदा अकबरने विचारलं, "हे कुठून आणलंस?"

"मंडईतून."

त्याने डोळ्याला भिंग लावून ती नीट पाहिली आणि खणात परत ठेवली. "मंडईत काय काय यायला लागलंय हल्ली," म्हणाला. पुन्हा विचारलं नाही. त्याचं हे न विचारणं फार बोचतं, हे तीस वर्षांच्या संसारात मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुर्गाबाईंचा फोन आला. त्या फोनवर समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तशा बोलतात. मला 'बाई' म्हणतात आणि अरेतुरे करतात. मी त्यांना अहोजाहो करते. वयाने सहाएक वर्षांनी मोठ्या आहेत, आणि शिवाय हिंमत होत नाही.

"बाई, राईतल्या दोन बिया गेल्यात. गारंबीच्या. तुझ्या मे महिन्याच्या माणसांनी नेल्यात. शुक्रवारी वाघबारस हाय, त्याच्या आत आल्या पायजेत."

आपल्याकडे ज्या दिवशी वसुबारस, त्या दिवशी हिरडेवाडीत वाघबारस. राईच्या तोंडाशी वाघोबाचा दगड आहे, तिथे खीर शिजते. प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ येतो आणि एकाच हंड्यात पडतो. त्याच्या आठ दिवस आधी सगळं गाव दगडापाशी बसतं, आणि वर्षभरात राईत काय काय घडलं ते ज्याचं त्याने सांगायचं, दगडावर हात ठेवून. मे महिन्यातला मुक्काम दुर्गाबाईंच्या घरी होता. त्यांनी उठून सांगितलं होतं, माझ्या पाहुण्यांनी बिया नेल्या. आता त्या परत येईपर्यंत त्यांच्या घरचा तांदूळ खिरीत पडणार नव्हता. कुणी वाळीत टाकत नाही, बोलणं बंद करत नाही, फक्त तांदूळ घेत नाहीत. आणि तोवर गावात पाहुणेही नाहीत. माझ्या थंडीतल्या तिन्ही सहली लटकल्या होत्या, पण खरं सांगते, सहलींचं मला एवढं नव्हतं. सासरी आल्यापासून त्या बाईच्या हातचा तांदूळ एकदाही चुकला नव्हता.

"दोन?" मी विचारलं.

"दोन."

त्या माणसांनी दोन आणि खणातली माझी एक, म्हणजे अकरातल्या तीन गेल्या, हे चौथीतल्या पोरालाही येतं. आणि ज्या बाईला गावातल्या प्रत्येक कोंबडीचा हिशेब तोंडपाठ, ती मोजायला चुकली? मी खणाकडे पाहिलं.

"बरं," मी म्हणाले.

लगेच मे महिन्याच्या ग्रुपवर खरमरीत मेसेज टाकला. लाज वाटली पाहिजे, सुशिक्षित म्हणवता, वगैरे. अर्ध्या तासात दोघांनी कबूल केलं. कर्वेनगरच्या सौमित्रने हात जोडल्याच्या चार आकृत्या पाठवल्या. कात्रजच्या रंगनाथरावांनी शुद्ध मराठीत दोन परिच्छेदांचा खुलासा पाठवला. दोनाला दोन जुळले. तिसरीचं नावही कुठे नव्हतं. मी दुर्गाबाईंना कळवलं, सापडल्या, उद्या गोळा करून पाठवते.

"नाय, मीच येते," त्या म्हणाल्या.

"अहो, एवढ्या लांब कशाला?"

"मीच येते."

बुधवारी सकाळी मी वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर गेले. दुर्गाबाई एसटीतून उतरल्या त्या नऊवारी, पायात रबरी चपला, काखेत गाठोडं. मंचरच्या पुढे एकट्या कधी आल्या नव्हत्या, पण तसं काही चेहऱ्यावर नव्हतं. "चल, आधी कुठं?" एवढंच म्हणाल्या.

आधी सौमित्र. आयटीतला पोरगा, बुधवारी घरून काम करतो. त्याच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने दुर्गाबाईंचं नाव विचारलं, गाव विचारलं, कुणाकडे, कशासाठी, किती वेळ, ते सगळं मोबाइलमध्ये भरलं आणि मग त्यांचा फोटो काढला. मला संताप आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात दुर्गाबाई म्हणाल्या, "हे ब्येस हाय. आमच्याकडं पण असंच पायजे."

सौमित्र दारातच उभा होता. "मॅम, आय अ‍ॅम सो सॉरी. सीरियसली. मला वाटलं एक बी, काय एवढं. बाहेरच पडलेली होती ती."

पुण्यात माणूस सॉरी म्हणतो तेव्हा तो विषय संपवत असतो. मी त्याला संपवू दिला नाही. म्हटलं, "अरे, दहा मिनिटं घसा फोडून काय सांगितलं होतं मी? तेव्हा कान काय कर्वेनगरलाच ठेवून आला होतास?" पोरगा लालेलाल झाला. मी आणखी चांगली पाच मिनिटं बोलले. बोलताना मला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, आणि तो थांबवता येत नव्हता. दुर्गाबाई माझ्याकडे बघत होत्या, त्याच्याकडे नाही.

त्याने किल्ल्या आणून दिल्या. बीला भोक पाडून त्यात कडी घातली होती, तिला स्कूटरची किल्ली. दुर्गाबाईंनी कडी काढून किल्ली त्याला परत दिली, आणि बी उजेडात धरून भोकातून आरपार पाहिलं.

"आता ही रुजायची नाय."

"मग तरीही न्यायची?" त्याने विचारलं. खरंच विचारलं, वाद म्हणून नाही.

"आपलं मेलं तरी आपण घरीच आणतो ना, पोरा," त्या म्हणाल्या आणि बी पदराच्या टोकाला बांधली. सौमित्र आम्हाला खाली फाटकापर्यंत सोडायला आला. वॉचमनने बाहेर पडल्याची वेळ लिहून घेतली.

तिथून बसने कात्रज. रंगनाथराव मूळचे भंडाऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि पुण्यात तीस वर्षं राहून पुणेकरांच्या वरताण पुणेकर झालेले. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या. खुलासा मी लेखी दिलाच आहे."

त्यांच्या खुलाशात एक गोष्ट नव्हती. त्यांनी बी पेरली होती. कानशीने घासून, रात्रभर पाण्यात भिजवून, रंगाच्या रिकाम्या बादलीत, अगदी शास्त्रशुद्ध. ती जूनमध्ये उगवली, आणि आता गॅलरीच्या गजांना विळखे घालत वरच्या मजल्यावरच्यांच्या कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत पोचली होती. वरच्यांनी दोनदा लेखी तक्रार केली होती. दोन्ही पत्रं त्यांनी फाइल केली होती.

"आता सांगा, मी चोर का?" रंगनाथराव म्हणाले. "तिथे ती कुजली असती, नाहीतर रानडुकरांनी खाल्ली असती. इथे मी तिला वाढवलं. रोज पाणी घालतो. आणि तुमच्या राईत अशा हजारो बिया पडतात. एकीने काय फरक पडतो?"

मी बाह्या सरसावल्या. दुर्गाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, गप्प बस म्हणून. त्या खुर्चीवर टेकल्या, पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, मी तुमच्या घरी आले, बसले, पाणी प्याले. आता जाताना काय नेऊ?"

रंगनाथराव हसले. "न्या की. सोफा सोडून काय हवं ते न्या."

दुर्गाबाई उठल्या आणि सावकाश खोलीभर फिरल्या. टीव्हीच्या बाजूला कपाटात एक गंजलेली सायकलची घंटी होती. त्यांनी ती उचलली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. वाजली नाही.

"ही नेते. बंदच पडलीय."

"ती नको," रंगनाथराव पटकन म्हणाले.

"का? नुसती पडलीय हितं."

"दीपमालाच्या सायकलची आहे. माझी मुलगी. कॅनडाला असते." त्यांनी हात पुढे केला. "द्या ती इकडे."

दुर्गाबाईंनी घंटी लगेच दिली.  रंगनाथरावांनी ती कपाटात जिथे होती तिथे, धुळीतल्या त्या गोल डागावर बरोबर ठेवली, आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग खाकरले. "स्टूल आणतो," म्हणाले. "वर हात पोचणार नाही तुमचा."

वेल सोडवायला पाऊण तास लागला. दुर्गाबाईंनी गजावरचा एकेक तणावा उलगडला, घाई न करता, पोरीच्या केसांतला गुंता काढावा तसा. एकही तुटू दिला नाही. रंगनाथराव स्टूल धरून उभे होते. मी वरच्या मजल्यावर जाऊन दोरीवरचं टोक सोडवलं आणि वरच्यांचं एक व्याख्यान ऐकून घेतलं, जे माझ्याहून बरंच बरं होतं. शेवटी वेल एका काठीभोवती गुंडाळून, बादलीसकट खाली आली.

"तिला आठवड्यातून एकदा ताकाचं पाणी आवडतं," रंगनाथराव रिक्षापाशी म्हणाले.

"तिकडं वरनंच येतं सगळं," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुम्ही या बघायला. थंडीत. तुम्ही वाढवलीय, तुम्हाला वळखंल ती."

रंगनाथरावांनी नुसती मान हलवली.  रिक्षावाल्याने वेलीचं वेगळं भाडं मागितलं नाही, ही गोष्ट पुण्यात नमूद करायलाच हवी.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. अकबरने मसुराची डाळ, भात आणि भरली वांगी करून ठेवली होती. दुर्गाबाई हातपाय धुवायला गेल्या. मी स्वयंपाकघरात ताटं घेत होते. खरं सांगायचं तर मी खुशीत होते. दोन्ही बिया मिळाल्या, साडेचारची एसटी मिळेल, शुक्रवारी तांदूळ पडेल, नोव्हेंबरात सहल जाईल. सगळं कसं निस्तरलं. अकबरने डाळीला वरून फोडणी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तरीणबाई, गृहपाठ तुमचाही बाकी आहे."

माझ्या हातातलं ताट ओट्यावर आपटलं. "तुला काय करायचंय?"

"मला काही नाही," तो म्हणाला. "मी आपला घड्याळवाला."

जेवताना मी भात नुसता चिवडत होते. समोर दुर्गाबाई डाळभात मन लावून खात होत्या, अकबरला आणखी वाढ म्हणत होत्या. गॅलरीत बादलीतली वेल उभी होती. मला सौमित्रचं लालेलाल तोंड दिसत होतं. मला रंगनाथरावांची पाठ दिसत होती. मी म्हटलं, मेहजबीन, गप्प बस. कुणाला ठाऊक नाही. सगळं सुरळीत चाललंय, आता बोललीस तर गावाचं दार कायमचं बंद होईल, त्यात त्या बाईचंच नुकसान आहे. माझी ही सगळी कारणं इतकी चांगली होती की मलाच त्यांची किळस आली. मी उष्ट्या हाताने उठले, डाव्या हाताने खण उघडला आणि बी त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"तीन गेल्या होत्या," मी म्हणाले. "तिसरी मी घेतली."

अकबर भात वाढता वाढता थांबला. दुर्गाबाईंनी तोंडातला घास संपवला, पाणी प्यायल्या, मग बी उचलून उलटीपालटी केली.

"लय घासलीस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी वळून बघितलं तवा तू वाकली व्हतीस. वाटलं, चपलेचा पट्टा लावती. म्होरं गेल्यावर ध्यानात आलं, राईत चपला कुठं?"

"मग दोन का सांगितलंत?"

 विचारता विचारताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन गेल्या, हे त्यांनी मला फोनवर सांगायच्या आधी सगळ्या गावाला सांगितलं होतं. दगडावर हात ठेवून.

"तुम्ही खोटं बोललात? तिथे? माझ्यासाठी?" मी ओरडलेच. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी सांगितलं होतं?"

"वरडू नको. ही तुझी शाळा नाय."

मी खाली बसले.

"पाव्हण्यानं नेली तर पाव्हणा चुकला," दुर्गाबाई म्हणाल्या. "बी परत आली, मिटलं. पण तुला गाव पाव्हणी धरत नाय, बाई. बारा वर्षं झाली. तू घरची. घरचाच माणूस राईतलं उचलतो म्हणल्यावर गाव कुणालाच येऊ देणार नाय. म्हणून म्हणलं, आधी हिला सांगू दे. फोनवर दोन म्हणलं की ही म्हणंल, नाय दुर्गाबाई, तीन. मंग आपण दोघी मिळून काय ते बघू." त्यांनी बी ताटाशेजारी परत ठेवली. "तू 'बरं' म्हणलीस."

बावीस वर्षांत मी किती पोरांना बाकावर उभं केलं असेल. एकालाही इतकी लाज वाटली नसेल. मला रडू आलं, आणि रडताना मी फार वाईट दिसते, म्हणून मी तोंडाला पदर लावला.

"म्हणून आले मी," त्या म्हणाल्या. "नायतर दोन बिया काय, कंडक्टरनंसुदीक आणल्या असत्या."

अकबर हळूच उठून आत गेला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय. शुक्रवारी तू ये. दगडावर हात ठेव आन सांग. मग मी सांगते, मी खोटं बोलले ते."

"माझा हात चालेल तिथे?"

"वाघ काय जात इचारून खातो का?" त्या हसल्या. मग हसू थांबलं. "गाव काय म्हणंल ते मला ठाव नाय. माझा तांदूळ घेतील का नाय, ते पण ठाव नाय. पण खोट्या हाताचा तांदूळ मला हंड्यात टाकायचा नाय. एवढ्या वर्षांचा हाय तो."

"ही बी तुम्ही न्या ना आत्ताच."

"नाय. ही मी नेत नाय. ही तू आण."

साडेचारच्या एसटीत दुर्गाबाई खिडकीशी बसल्या, मांडीवर बादली, वेलीचं टोक खिडकीबाहेर. कंडक्टर काहीतरी बोलायच्या बेतात होता, पण त्यांच्याकडे बघून गप्प बसला. एसटी सुटताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "येताना तांदूळ आण. मूठभर. तुझ्या घरचा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा एसटी वळली होती.

घरी येऊन ग्रुपवर मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढंच ठेवलं: 'तिसरी बी मी घेतली होती. रविवारी तुम्हाला बोलले ते बोलायचा मला अधिकार नव्हता. माफ करा.' सौमित्रने लिहिलं, 'मॅम, इट्स ओके. थंडीत मी आलो तर चालेल?' रंगनाथरावांनी लिहिलं, 'खुलासा पोहोचला. झाडाखालील व्याख्यानाचा कालावधी यापुढे पाच मिनिटे करावा.'

गुरुवारी सकाळी अकबरने तांदळाचा डबा पुढ्यात घेतला. चष्मा लावून त्याने एकेक खडा वेचला, जणू घड्याळच उघडलंय. "किती?" त्याने विचारलं.

"एका घराची एक मूठ."

त्याने स्वतःच्या मुठीने घातला, माझ्या हातरुमालात गाठ मारली आणि एसटीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "नाही घेतला तर परत आण. आपण खाऊ. पण सांगून ये."

राजगुरुनगरच्या पुढे फोन वाजला. एसटी गच्च भरलेली, माझ्या शेजारी पालेभाजीचं ओझं घेतलेली बाई, मागे कॉलेजची पोरं. दुर्गाबाईंचा आवाज फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू येतो.

"निघालीस का?"

"निघाले."

"तांदूळ?"

"आहे."

"बाई, राईतल्या किती बिया गेल्या व्हत्या?"

पोरांनी बोलणं थांबवलं होतं. भाजीवाली माझ्याकडे बघत होती.

"तीन, दुर्गाबाई," मी सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं म्हणाले. "तिसरी मी घेतली."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.